इम्प्लिसिट समीकरणांचे आलेख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात गणित शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे निरनिराळे आहेत: बारावीची मुलं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, हायस्कूलचे शिक्षक, आणि उद्यमनगरात पॅटर्न बनवणारे कारागीरसुद्धा. बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं. सॉफ्टवेअर समीकरण सोडवतंय असं आपण धरून चालतो, आणि ते प्रत्यक्षात वेगळंच काही करत असतं. म्हणून दुसरा प्रश्न जरा सावकाश वाचा. पुढची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

चलांसाठी इथे क्ष आणि य लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच कीबोर्डवरचे इंग्रजी एक्स आणि वाय वापरायचे.

इम्प्लिसिट समीकरण म्हणजे काय?

य = क्ष² − ३ या समीकरणात य एका बाजूला एकटा आहे. क्षची किंमत घातली की यची मिळते. क्ष² + य² = २५ मध्ये तसं होत नाही. क्ष = ३ घेतला तर य = ४ चालतो आणि −४ सुद्धा; क्ष = ६ घेतला तर एकही य चालत नाही. हे समीकरण ‘य किती’ ते सांगत नाही. एखादा बिंदू घेऊन गेलात तर तो वक्रावर बसतो की नाही, एवढंच सांगतं. अशा समीकरणाला इम्प्लिसिट किंवा अव्यक्त म्हणतात.

पुढे बऱ्याच ठिकाणी मी एकच वक्र वापरणार आहे: क्ष³ + य³ = ६क्षय. हा देकार्तचा फोलियम. १६३८ मध्ये देकार्तनं याची स्पर्शिका काढून दाखवा असं आव्हान फर्माला दिलं होतं, आणि फर्मानं ती काढून दाखवली. आलेखात पहिल्या चरणात एक वेटोळं दिसतं, आणि त्याचे दोन हात दुसऱ्या आणि चौथ्या चरणात लांब जातात. (३, ३) हा बिंदू वेटोळ्याच्या टोकाला आहे: २७ + २७ = ५४, आणि ६ × ९ = ५४.

मग सॉफ्टवेअर हा आलेख काढतं तरी कसं?

सगळी पदं डाव्या बाजूला आणा. फोलियमसाठी क्ष³ + य³ − ६क्षय ही राशी मिळते. तिला आपण ‘फरक’ म्हणू. कोणत्याही बिंदूपाशी फरक काढता येतो. तो शून्य असेल तर बिंदू वक्रावर आहे. पण पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूपाशी फरक काढत बसलं, तरी तो अचूक शून्य क्वचितच येतो. म्हणून सॉफ्टवेअर शून्य शोधत नाही. ते चिन्ह बघतं.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फुटांवर गेली हा कोल्हापुरातला रोजचा प्रश्न असतो; ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. पाणी सपाट धरलं, तर पुराची कडा म्हणजे ज्या ज्या ठिकाणी ‘जमिनीची उंची वजा पाण्याची उंची’ शून्य होते त्या जागा. ती कडा नकाशावर काढायची असेल तर कोणी काठाकाठानं चालत जात नाही. ठराविक अंतरावरच्या घरांत विचारायचं: पाणी आलंय का? एका घरी आलंय आणि शेजारच्या घरी नाही, तर कडा त्या दोघांच्या मधून जाते. सॉफ्टवेअर हेच करतं. सगळ्या पटावर चौकटींची जाळी टाकतं, प्रत्येक कोपऱ्यावर फरकाचं चिन्ह काढतं, आणि ज्या बाजूच्या दोन टोकांना चिन्हं विरुद्ध आहेत त्या बाजूवरून वक्र जातो असं मानतं.

एक चौकट हातानं करून बघा, आलेख कागद घेऊन. कोपरे (२, १), (३, १), (३, २) आणि (२, २). फोलियमचा फरक अनुक्रमे −३, +१०, −१ आणि −८ येतो. फक्त (३, १) धन आहे, बाकी तिन्ही ऋण. म्हणजे वक्र खालच्या बाजूवरून आत येतो आणि उजव्या बाजूवरून बाहेर पडतो. खालच्या बाजूवर नेमका कुठे? −३ पासून +१० पर्यंत फरक सरळ रेषेत वाढतो असं धरलं तर ३/१३ अंतरावर, म्हणजे क्ष = २.२३ पाशी. उजव्या बाजूवर १०/११ अंतरावर, म्हणजे य = १.९१ पाशी. हे दोन बिंदू सरळ रेघेनं जोडले की त्या चौकटीपुरता आलेख झाला.

खरं उत्तर काय आहे? य = १ असताना वक्र क्ष = २.३६ पाशी आहे, आणि क्ष = ३ असताना य = १.८५ पाशी. म्हणजे आपली रेघ जवळ आहे, पण अचूक नाही. आता चौकट अर्धी करा. (२.५, १) पाशी फरक +१.६२५ येतो, आणि त्याच रीतीनं छेद २.३२ पाशी मिळतो. २.२३ वरून २.३२. अजून अर्धी करा, अजून जवळ याल. पडद्यावर जो गुळगुळीत वक्र दिसतो तो अशा हजारो बारीक सरळ रेघांचा बनलेला असतो.

या रीतीला मार्चिंग स्क्वेअर्स म्हणतात. चांगले प्रोग्रॅम सगळीकडे सारखी जाळी टाकत नाहीत. जिथे चिन्ह बदलतंय तिथेच चौकटी चारात विभागत खाली जातात, आणि बाकीचा पट सोडून देतात.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

शाळा-कॉलेजच्या कामाला डेसमॉस किंवा जिओजेब्रा पुरेसं आहे. दोन्ही फुकट, दोन्ही मोबाईलवर चालतात, आणि ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट नसतानाही काम होतं. डेसमॉस चटकन हाताशी बसतं. समीकरण जसंच्या तसं टाइप करा, अनोळखी अक्षर आलं की त्याचा स्लायडर (ओढून किंमत बदलायची पट्टी) करायचा का, असं ते स्वतःच विचारतं. जिओजेब्रा २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं, ते भूमितीसाठी. त्यामुळे वक्रावर बिंदू ठेवणं, स्पर्शिका काढणं, दोन वक्रांचा छेद घेणं यात ते सरस आहे. मी वर्गात दाखवायला जिओजेब्राच घेतो.

इंजिनिअरिंगला असाल तर पायथन शिका. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख काढायच्या लायब्ररीत इम्प्लिसिट आलेखासाठी वेगळी आज्ञा शोधू नका. कंटूर ही समोच्च रेषांची आज्ञा घ्यायची आणि फक्त शून्य ही पातळी मागायची. जाळी किती बारीक हे तुम्ही ठरवता, त्यामुळे आत काय चाललंय ते स्वच्छ कळतं. एक जागा इथे हमखास अडवते. पातळी म्हणून नुसता एक पूर्णांक दिला तर ‘इतक्या रेषा काढ’ असा त्याचा अर्थ होतो. ‘या पातळीची रेषा काढ’ असं म्हणायचं असेल तर शून्य चौकोनी कंसात, यादी म्हणून द्यायचं. ऑक्टेव्ह या गणिताच्या प्रोग्रॅममध्ये तर कंसात शून्य दोनदा लिहावं लागतं.

सिमपाय या पायथनच्या बीजगणिताच्या लायब्ररीत प्लॉट इम्प्लिसिट नावाची आज्ञा आहे. ती सावकाश चालते, पण वेगळ्या पद्धतीनं चालते, त्याबद्दल पुढे.

टाइप केलं की ‘चूक’ दाखवतं.

आधी गुणाकार बघा. क्ष आणि य शेजारी शेजारी लिहिले तर काही प्रोग्रॅम त्याला दोन अक्षरी नाव समजतात. मध्ये चांदणी टाका. पायथनमध्ये घातासाठी दोन चांदण्या लागतात, टोपीचं चिन्ह तिथे घात नाही. ऑक्टेव्हमध्ये जाळीवर काम करताना गुणाकार, भागाकार आणि घात यांच्या आधी टिंब द्यावं लागतं. कंटूर वापरताना बरोबरचं चिन्ह लिहायचंच नाही, सगळं डावीकडे आणून फक्त राशी द्यायची.

क्ष² + य² = २५ काढलं तर लंबवर्तुळ का दिसतं?

दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं नाही म्हणून. जिओजेब्रात अक्षांचं गुणोत्तर १ : १ करा, मॅटप्लॉटलिबमध्ये ॲस्पेक्ट ‘इक्वल’ करा. मोबाईल आडवा-उभा केल्यावर हे पुन्हा तपासा.

पान कोरं दिसतं. समीकरण तर बरोबर आहे!

तीन शक्यता आहेत. पहिल्या दोन सोप्या. एक, वक्र खिडकीच्या बाहेर आहे. झूम कमी करा. दोन, समीकरणाला वास्तव उत्तरच नाही, क्ष² + य² = −४ सारखं; तिथे कोरं पान हेच बरोबर उत्तर आहे.

तिसरी शक्यता महत्त्वाची. वक्र आहे, खिडकीत आहे, पण फरकाचं चिन्ह बदलतच नाही. (क्ष² + य² − २५)² = ० घ्या. हे तेच ५ त्रिज्येचं वर्तुळ आहे. पण वर्ग कधी ऋण होत नाही, म्हणून वर्तुळाच्या आत फरक धन, बाहेर धन, आणि फक्त काठावर शून्य. चिन्ह बघणाऱ्या प्रोग्रॅमला इथे काहीच सापडत नाही. मॅटप्लॉटलिब तर बहुतेक वेळा अशी पातळीच मिळाली नाही असा इशारा देऊन मोकळं होतं. दोन घातांपर्यंतचं समीकरण काही प्रोग्रॅम ओळखतात आणि बीजगणितानं सोडवतात, त्यामुळे साध्या उदाहरणात अडचण दिसणार नाही. इथे चौथा घात आहे.

सुटे बिंदूही असेच हरवतात. य² = क्ष³ − क्ष² या वक्राची फांदी क्ष = १ पासून उजवीकडे जाते. पण (०, ०) घालून बघा, समीकरण जुळतं. मूळबिंदू एकटा, बाकी वक्रापासून तुटलेला, तरी पूर्णपणे वक्राचा भाग आहे. आलेखात तो तुम्हाला बहुधा दिसणार नाही.

उपाय काय? वर्ग बाहेर काढता येत असेल तर काढा. येत नसेल तर समीकरणाऐवजी असमानता काढा: (क्ष² + य² − २५)² < ०.२५ लिहिलं की वर्तुळाच्या दोन्ही अंगांना सुमारे ०.०५ जाडीचा पट्टा रंगतो. किंवा फरकाच्या किमतीप्रमाणे सगळा पट रंगवून घ्या. किंमत शून्याच्या जवळ कुठे जाते ते रंगावरून लगेच कळतं.

मी दिलीच नाही ती उभी रेघ आलेखात येते.

य/क्ष = १ करून बघा. खरा आलेख म्हणजे य = क्ष ही रेषा, मूळबिंदू वगळून. पण नुसत्या चिन्हावर चालणारा प्रोग्रॅम यअक्षसुद्धा काढू शकतो. कारण क्ष ऋणाचा धन होताना य/क्ष एका टोकाच्या अनंताकडून दुसऱ्या टोकाला उडी मारतो. चिन्ह बदललं, म्हणून प्रोग्रॅमनं रेघ ओढली. मध्ये शून्य आलंच नाही हे त्याला दिसलं नाही.

ओळखायची खूण सोपी आहे: संशयित रेघेवर झूम करत जा आणि तिच्या दोन्ही बाजूंना फरकाची किंमत काढा. खऱ्या वक्राजवळ ती शून्याकडे जाते, खोट्या रेघेजवळ वाढत जाते. छेदानं गुणून समीकरण य = क्ष केलं तर खोटी रेघ जाते, पण मूळबिंदू, जो आधी नव्हता, तो आत येतो. गुणताना काय मिळवलं ते वहीत लिहून ठेवा.

फोलियम स्वतःला जिथे छेदतो तिथे फट दिसते. का?

मूळबिंदूजवळ क्ष³ आणि य³ नगण्य होतात, फरक जवळपास −६क्षय इतकाच उरतो. मूळबिंदूभोवती एक लहान चौकट घ्या. चार कोपऱ्यांची चिन्हं फिरत जाताना ऋण, धन, ऋण, धन अशी येतात. चारही बाजूंवर चिन्ह बदलतं, म्हणजे चार छेदबिंदू मिळतात. आता ते जोडायचे कसे? दोन दोनच्या जोड्या दोन प्रकारे लावता येतात, आणि दोन्ही प्रकारांत रेघा एकमेकींना न छेदता वळून जातात. प्रोग्रॅम त्यातला एक निवडतो. फुलीच्या जागी फट येते ती अशी.

झूम केल्यावर फट आकसत गेली, कधीच स्थिर राहिली नाही, तर ती जाळीची आहे. झूम करूनही तेवढीच राहिली तर वक्र खरोखर तुटलेला आहे. क्ष³ + य³ = ६क्षय + ०.०१ काढून शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

क्षचा घात य = यचा घात क्ष, हा आलेख विचित्र दिसतो. बरोबर आहे का?

बरोबर आहे, आणि फार सुंदर आहे. पहिल्या चरणात य = क्ष ही रेषा तर येणारच. तिच्याखेरीज एक वक्र येतो, जो (२, ४) आणि (४, २) मधून जातो, कारण २ चा चौथा घात आणि ४ चा वर्ग दोन्ही १६ आहेत. हा वक्र रेषेला (२.७१८…, २.७१८…) पाशी छेदतो, म्हणजे नैसर्गिक लॉगचा जो पाया आहे त्याच संख्येपाशी. मुलांना आधी आलेख दाखवा, छेदबिंदू वाचायला लावा, आणि मग विचारा ही संख्या कुठे पाहिली आहे.

ऋण बाजूला मात्र सॉफ्टवेअर गप्प बसतं. (−२, −४) घालून बघा: −२ चा −४ वा घात १/१६, −४ चा −२ वा घात १/१६. बिंदू जुळतो! पण ऋण संख्येचा अपूर्णांकी घात वास्तव असेलच असं नाही, त्यामुळे तिथे वक्र नाही, फक्त सुटे बिंदू आहेत.

साइन-कोसाइन असलेलं समीकरण झूम बदललं की पूर्ण वेगळंच दिसतं. खरं कोणतं?

साइन(क्ष² + य²) = ० याचं खरं उत्तर आपल्याला माहीत आहे: मूळबिंदूभोवतीची समकेंद्री वर्तुळं आणि मधला बिंदू. २० त्रिज्येच्या आत अशी १२७ वर्तुळं बसतात, आणि बाहेर जाताना ती दाट होत जातात. आता −२० ते २० ही खिडकी घ्या आणि तिचे दोन्ही दिशांना २०० भाग करा. एक चौकट ०.२ ची झाली. मूळबिंदूपासून १५.७ अंतरावर दोन शेजारच्या वर्तुळांमधलं अंतर फक्त ०.१ आहे. एका चौकटीत दोन दोन वर्तुळं येऊन जातात, कोपऱ्यांवरची चिन्हं त्यांची दखलच घेत नाहीत. परिणाम असा, की क्षअक्षावर १५.७ पाशी (π भागिले ०.२) नव्या वर्तुळांचं एक खोटं केंद्र तयार होतं. अगदी देखणं, आणि समीकरणात कुठेच नसलेलं. मुलं याचे स्क्रीनशॉट मोठ्या हौसेनं पाठवतात.

नियम हाच: जाळी दुप्पट बारीक करा. चित्र तसंच राहिलं तर विश्वास ठेवा. केंद्रं सरकली तर चित्र जाळीचं आहे. डेसमॉस अशा वेळी बारीक तपशील पूर्ण दाखवता आला नसेल अशी सूचना देतं, ती वाचा.

वक्र सुटला नाही याची खात्री देणारी पद्धत आहे का?

आहे. तिला इंटरव्हल अरिथमेटिक म्हणतात. १९६० च्या दशकात रेमन मूर यांनी ती नीट उभी केली. कोपऱ्यांवर चिन्ह बघण्याऐवजी अख्खी चौकट एकदम घालायची. उदाहरणार्थ क्ष ४ ते ५ आणि य ० ते १. क्ष³ हा ६४ ते १२५ मध्ये, य³ हा ० ते १ मध्ये, ६क्षय ० ते ३० मध्ये. म्हणजे फोलियमचा फरक कमीत कमी ६४ + ० − ३० = ३४ आणि जास्तीत जास्त १२६. शून्य त्यात नाही. या चौकटीत वक्र नाही हे सिद्ध झालं, अंदाज नव्हे. आधीची २ ते ३ आणि १ ते २ ही चौकट घातली तर −२७ ते २३ येतं. शून्य आत आहे, म्हणून विभागून पुन्हा बघायचं. जेफ टपर यांनी २००१ मध्ये हीच दिशा घेऊन आलेख काढण्याची भरवशाची रीत मांडली. सिमपायची प्लॉट इम्प्लिसिट आज्ञा जिथे जमेल तिथे हीच पद्धत वापरते, म्हणून तिला वेळ लागतो आणि रेषा जरा जाड येतात. तो जाडपणा प्रामाणिक आहे: ‘वक्र यातच कुठेतरी आहे’ असं ती सांगते.

य सोडवून घेऊन दोन साधे आलेख काढले तर?

दुसऱ्या घातापर्यंत जरूर करा. क्ष² + क्षय + य² = ७ यात य चं वर्गसमीकरण सुटतं आणि वर्गमुळाखाली २८ − ३क्ष² येतं; म्हणजे वक्र क्ष = ±३.०५५ च्या पलीकडे जात नाही हे आलेखाआधीच कळलं. याच लंबवर्तुळावर १२ पूर्णांक बिंदू आहेत, (१, २), (३, −१), (−३, २) वगैरे. सगळे शोधून आलेखावर ठेवणं हा नववी-दहावीलाही झेपणारा चांगला अभ्यास आहे.

फोलियमसारख्या तिसऱ्या घाताला य सोडवण्यात अर्थ नाही, पण दुसरी वाट आहे. मूळबिंदूतून म चढ असलेली रेषा घ्या, य = मक्ष. समीकरणात घातली की क्ष = ६म/(१ + म³) आणि य = ६म²/(१ + म³) सुटतात. म = २ ला (४/३, ८/३). हा आलेख बिंदू बिंदू जोडत जातो, मूळबिंदूपाशी फट पडत नाही. फक्त म = −१ टाळा; तिथे छेद शून्य होतो, आणि वक्राचे दोन्ही हात क्ष + य + २ = ० या रेषेकडे झुकत अनंतात जातात.

एखाद्या बिंदूवर स्पर्शिकेचा चढ हवा असेल तर?

फरकाचं क्षसापेक्ष अवकलन भागिले यसापेक्ष अवकलन, आणि पुढे ऋण चिन्ह. फोलियमसाठी −(३क्ष² − ६य)/(३य² − ६क्ष). (३, ३) पाशी −१, (४/३, ८/३) पाशी ०.८. मूळबिंदूपाशी वर-खाली दोन्हीकडे शून्य येतं, कारण तिथून दोन स्पर्शिका जातात. जिओजेब्रात वक्रावर बिंदू ठेवून स्पर्शिका घ्या आणि हाताचं उत्तर ताडून बघा.

टेबलटॉपसाठी गोल कोपऱ्यांचा आयत हवा आहे, पण आलेखात पाव भागच येतो. (उद्यमनगर)

तुम्हाला हवा तो सुपरएलिप्स. गाब्रिएल लामेनं १८१८ मध्ये या वक्रांचा अभ्यास केला, आणि डॅनिश पीट हाइन यांनी २.५ हा घात घेऊन स्टॉकहोमच्या सेर्गेल चौकाचा आकार ठरवला. १२०० × ८०० मिलिमीटरच्या टेबलासाठी समीकरण असं: (क्ष/६००)^२.५ + (य/४००)^२.५ = १. पाव भाग येण्याचं कारण म्हणजे ऋण संख्येचा २.५ वा घात निघत नाही. क्ष/६०० आणि य/४०० दोन्हींना केवल मूल्याच्या उभ्या रेघा लावा, पूर्ण आकार येईल.

पण कापायच्या मशिनला चित्र देऊ नका, बिंदू द्या. कोन थोडा थोडा वाढवत नेऊन क्ष = ६०० × (कोसाइन)^०.८, य = ४०० × (साइन)^०.८ काढा, बाकीचे तीन भाग चिन्हं बदलून मिळतील. ४५ अंशाला ४५४.७ आणि ३०३.१ येतात, साध्या लंबवर्तुळात हेच ४२४.३ आणि २८२.८ आले असते. कोपरा किती भरला ते या आकड्यांवरून दिसतं. घात ३ केला तर आणखी भरेल. आधी पुठ्ठ्यावर कापून बघा, मग लाकूड घ्या.

रंकाळ्याच्या नकाशावर वक्र बसवता येईल का?

नकाशाचं चित्र जिओजेब्रात घाला, काठावर पाच बिंदू ठेवा, आणि पाच बिंदूंतून जाणारा शंकुच्छेद मागा. पूर्ण काठ एका लंबवर्तुळात बसणार नाही. पण एखाद्या वळणापुरता छान बसतो, आणि पाचवा बिंदू थोडा सरकवला की लंबवर्तुळाचा अपास्त कसा होतो ते मुलांना स्वतः करून बघता येतं.

तीन चलांची समीकरणं?

तीच रीत, चौकटीऐवजी घन. लोरेन्सन आणि क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली मार्चिंग क्यूब्स ही पद्धत सीटी स्कॅनमधून हाडांचे पृष्ठभाग काढायलाही वापरतात. गोल, शंकू यांसाठी जिओजेब्राचा थ्रीडी भाग पुरतो.

वर्गात दाखवायला एकच उदाहरण सांगा.

क्ष³ + य³ − ६क्षय = क. क ला स्लायडर द्या, १० पासून −१२ पर्यंत, आणि सावकाश ओढा.

क धन असताना एकच अखंड वक्र दिसतो, पहिल्या चरणात फुगवटा घेऊन जाणारा. क = ० ला फुगवटा आवळून वेटोळं होतं, हा आपला फोलियम. क ऋण झाला की वेटोळं तुटून वेगळं पडतं: वर एक बंद अंडाकृती, खाली एक फांदी. क आणखी कमी करा, अंडाकृती (२, २) भोवती लहान होत जाते आणि फांदी सरळ होत जाते. क = −८ ला फांदी अगदी सरळ रेषा होते आणि अंडाकृती दिसेनाशी होते. पुढे −९, −१० ला फांदी पुन्हा वाकते, या वेळी दुसऱ्या अंगाला.

आता मुलांना थांबवा आणि −८ ला काय झालं ते विचारा. −८ डावीकडे आणलं की राशी क्ष³ + य³ + २³ − ३·क्ष·य·२ अशी होते. अ³ + ब³ + क³ − ३अबक याचे अवयव त्यांना पाठ असतात (हा क स्लायडरचा नव्हे). म्हणजे एक अवयव क्ष + य + २, तीच रेषा, जिच्याकडे फोलियमचे हात झुकतात. दुसरा अवयव क्ष² + य² + ४ − क्षय − २क्ष − २य. त्याची दुप्पट म्हणजे (क्ष − य)² + (य − २)² + (२ − क्ष)². तीन वर्गांची बेरीज शून्य तेव्हाच, जेव्हा क्ष = य = २.

म्हणजे −८ च्या आलेखात रेषेखेरीज (२, २) हा बिंदू आहेच. पडद्यावर तो येत नाही, कारण त्याच्या आसपास सगळीकडे फरक धन आहे. मुलांना पेन्सिलनं तो बिंदू वहीत काढायला सांगा, आणि मग स्लायडर −७.९ वर नेऊन त्याच जागी काय उगवतं ते बघू द्या.